ताईसमोर तीन लेन्स

फोटोकाकूंना आमच्या गल्लीत खऱ्या नावानं कुणी ओळखत नाही. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ. आयुष्यभर पासपोर्टचे आणि लग्नांचे फोटो काढून गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा त्यांनी ठरवलं, धावपळ पुरे. आता म्हाताऱ्या माणसांचे भिंतीवर लावण्याजोगे मोठे फोटो काढायचे. त्यासाठी वापरलेला एक मिडियम फॉरमॅट डिजिटल कॅमेरा घेतला. सेन्सर नेहमीच्या कॅमेऱ्यापेक्षा मोठा, पापणीचा केस न् केस दिसणार. लेन्स मात्र एकच परवडणार होती. ओळखीच्या दुकानदारानं तीन लेन्स वापरून बघायला दिल्या, वर सल्लाही दिला, "चेहऱ्यांसाठी अडीचशे मिलिमीटरची घ्या. सगळे तीच नेतात."

बघायला समोर माणूस हवा. थोरली बहीण राहायला आलेली होती. काही वर्षांपूर्वी ताईंच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. बरीचशी सुधारली, पण ओठाचा कोपरा उतरला तो उतरलाच. तेव्हापासून त्या फोटोला उभ्या राहत नसत. मुलीच्या लग्नातही "तुम्ही घ्या काढून, मी जेवणाचं बघते," म्हणत सटकल्या होत्या.

"ताई, नुसती खुर्चीत बस. फोटो नाही, लेन्स बघतेय."

"मग उशी ठेव की खुर्चीत."

"उशीला नाक नसतं."

ताई बसल्या, पण गालावर हात ठेवून.

आधी पंचेचाळीसची लेन्स. चेहरा भरून दिसावा म्हणून काकू इतक्या जवळ गेल्या की ताई मागे सरकल्या. स्क्रीनवर नाक हे एवढं, कान कुठल्या कुठे. मग अडीचशे. तिच्यासाठी काकूंना पार स्वयंपाकघराच्या दारात जावं लागलं. तिथून चेहरा खरोखर देखणा दिसत होता.

"हनुवटी खाली घे."

"काय? ऐकू येत नाही गं."

दोघींचं ओरडणं झालं. ताई ताठच, हात गालावरून हलेना.

शेवटी एकशे दहा. ट्रायपॉड जवळ आला, पण अंगावर नाही. काकू कॅमेऱ्याला डोळा न लावता गप्पाच मारू लागल्या. विषय भाऊजींच्या घोरण्यावर गेला.

"परवा स्वतःच्याच घोरण्यानं दचकून उठले," ताई म्हणाल्या, "आणि मला म्हणतात, जरा हळू घोर."

दचकण्याची नक्कल करायला त्यांना दोन्ही हात लागले. हसू आवरेना. काकूंनी बटण दाबलं.

ताईंचा हात परत गालावर गेला. "काढलास ना?"

"काढला. बघ, नको असेल तर पुसते."

ताईंनी चष्मा लावला. हसताना तोंड एका बाजूला गेलं होतं, डावा डोळा अर्धा मिटला होता. त्या मोठ्या सेन्सरनं काही म्हणता काही लपवलं नव्हतं. काकूंचं बोट पुसायच्या बटणावर तयार होतं.

"सुरकुत्या कमी करता येतील का?" ताईंनी विचारलं.

"येतील. आणि तोंड?"

"तोंडाचं राहू दे. हसतेय ना."

काकूंनी एकशे दहा ठेवून घेतली, बाकीच्या परत केल्या. दुकानदार म्हणाला, "काकू, अडीचशेनं चेहरा जास्त चांगला येतो."

"येतो की. पण तिच्यामागून माणसाशी बोलता येत नाही."

मोठी प्रत ताईंनी नेली नाही. रोज भिंतीवर स्वतःला बघायचा धीर अजून नाही, म्हणाल्या. छोटी नेली आणि मुलीला पाठवली. मुलीचा फोन आला तो मावशीला.

"आईनं स्वतःहून पाठवला?" तिनं विचारलं.

"स्वतःहून," काकू म्हणाल्या.