लोणारच्या माश्या आणि आमची वहिनी

वहिनी लग्न होऊन पुण्याहून देऊळगाव राजाला आली, तेव्हा नवा महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते. तिच्या सामानात एक लाकडी खोकं होतं. आईला वाटलं, चांदीची भांडी असतील. उघडलं तर आत दुधाच्या बाटल्या, तोंडाला कापसाचे बोळे, आणि बाटल्यांत तिळाएवढ्या, लाल डोळ्यांच्या माश्या.

"हे काय वं सूनबाई?"

"फळमाश्या आहेत आई. माझ्या अभ्यासाच्या."

"लोकं घरातल्या माश्या हाकलतात अन् तू माहेरून घेऊन आली?"

दादा हसायला लागला. तो इथल्या हायस्कुलात गणित शिकवायचा, आणि लग्नाआधीच त्यानं वहिनीला शब्द दिला होता की तिचं संशोधन थांबणार नाही. मी तेव्हा मुलींच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. ओट्यावर उन्हाकडे तोंड करून ठेवलेल्या सूक्ष्मदर्शकातून वहिनीनं मला पहिल्यांदा बघायला लावलं, ते अजून डोळ्यांपुढं आहे. माशीच्या अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं होती ती. जांभळ्या रंगात रंगवलेल्या जाड दोऱ्या, त्यांच्यावर आडवे पट्टे, आणि एका ठिकाणी दोरीला वेटोळं पडलेलं.

"वन्सं, ते वेटोळं दिसतंय ना? तिथला एक तुकडा उलटा बसलाय. आईबापांपैकी एकाकडून आलाय तो. कुठल्या माश्यांत तो जास्त, कुठल्यांत कमी, हे बघितलं की त्या एकमेकींपासून किती वेगळ्या होत चालल्यात ते कळतं. एका जातीच्या दोन जाती होतात त्याची सुरुवात अशीच कुठंतरी होत असणार."

ती सुरुवात तिला लोणारला सापडेल असं वाटत होतं. वर माळरान, रखरखीत. खाली विवरात झाडी, झरे, सावली. खालच्या माश्या खालीच राहत असतील तर हजारो वर्षांत त्या वेगळ्या झाल्या असतील, असा तिचा अंदाज.

पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही दोघी एस.टी.नं लोणारला गेलो. काळी पडलेली केळी गुळाच्या पाण्यात घालून बाटल्या वरच्या बाभळींना बांधल्या, तशाच खाली उतरून तळ्याकाठच्या झाडांना. पाण्याचा उग्र वास, वर माकडांचा गोंधळ. सकाळी जाऊन जाळीनं माश्या धरल्या. परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं नाक दाबून विचारलं, "बाई, हा वास कशाचा येऊन राह्यला?"

वहिनी म्हणाली, "केळ्यांचा." माश्यांचं नाव तिनं काढलं नाही.

वर आणि खाली खरंच फरक निघाला. उलटा तुकडा वरच्या माश्यांत भरपूर, खालच्यांत थोडका. पुण्याचे तिचे मार्गदर्शक खूश झाले. वहिनी घरभर गुणगुणत फिरायची. आईनंसुद्धा तिच्या माश्यांचं खाणं शिजवायला एक वेगळं पातेलं काढून दिलं. मक्याचा भरडा आणि गूळ त्यात शिजायचा. "हे माह्या सैपाकाच्या भांड्यांत मिसळू नको," एवढीच तिची अट.

पण वहिनीचा स्वभाव असा की एकदा बघून तिचं समाधान व्हायचं नाही. पावसाळा सरता सरता ती पुन्हा लोणारला गेली. परत आल्यावर ओट्यावर बसून बघत राहिली, आणि मग सूक्ष्मदर्शकावर फडकं टाकलं. फरक गेला होता. वरच्या माश्या खालच्यांसारख्याच झाल्या होत्या.

पुढं तिचे पुण्याचे सर आमच्याकडे आले. लोणार बघायचंच होतं त्यांना. जेवताना म्हणाले, "पावसाळ्यात माश्या इकडच्या तिकडं गेल्या असतील. उन्हाळ्याच्या आकड्यांवर प्रबंध लिहून टाका. बाकीचं पुढं कुणी बघेल."

वहिनी वाढता वाढता थांबली. "सर, मला अजून एक उन्हाळा हवा."

"वर्ष जाईल तुमचं."

"जाऊ दे. जे मला खरं वाटत नाही ते कसं लिहू?"

सर भले होते. म्हणाले, "बरं. पण मग नीट करा."

तिनं नीटच केलं. एकाच वाणाच्या माश्या घरात दोन ठिकाणी ठेवल्या. काही पत्र्याच्या खोलीत, तिथं तवा तापावा तसं तापायचं. काही पाण्याच्या रांजणांशेजारी, ओल्या गोणपाटाखाली. ती जागा आईच्या लोणच्याच्या बरण्यांची. आईनं बरण्या उचलल्या आणि म्हणाली, "ठेव तुह्या लेकरांले थंडाव्यात."

उन्हाळा आला तेव्हा वहिनीला सातवा महिना होता. विवरात उतरणं शक्यच नव्हतं. दादाच्या शाळेत परीक्षा चालू. वहिनीचा चेहरा उतरलेला बघून आईच म्हणाली, "आमी जाऊ की. काय अवघड हाय त्यात? केळी टांगायची अन् माश्या धरायच्या."

"आई, उतार फार आहे."

"मले काय झालं उतरायले?"

नऊवारीचा काष्टा घट्ट ओढून आई लोणारच्या विवरात उतरली. मी मागं बाटल्यांची पिशवी घेऊन. वाटेतल्या प्रत्येक देवळात ती हात जोडायची आणि सुनेचं बाळंतपण सुखरूप होऊ दे म्हणायची. मग शेवटी, जरा थांबून, "अन् माश्याबी गावू दे." दुसऱ्या सकाळी जाळी हातात घेतल्यावर मात्र तिच्यात वारं भरलं. "धर वं, धर! ती बघ उडाली! झाक्कन बोळा लाव!" तळ्याकाठी आलेल्या बाया आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या. आईला त्याचं काही नव्हतं.

त्या माश्यांनीच निकाल लागला. उन्हाळ्यात फरक पुन्हा आला होता. आणि आमच्या घरातही, पत्र्याच्या खोलीतल्या माश्यांत उलटा तुकडा वाढला होता, रांजणाशेजारच्यांत घटला होता. विवराच्या भिंतींनी माश्या वेगळ्या केल्या नव्हत्या. ऊन आणि ओल दर वर्षी त्यांची निवड करत होती. वहिनीचा पहिला अंदाज चुकला होता, आणि ती इतकी आनंदात मी तिला कधी पाहिली नव्हती.

"वन्सं, उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांची गोष्ट, असं आम्ही शिकलो. ती इथं आपल्या घरात घडली, एका ऋतूत!"

बाळंतपण सुखरूप झालं, मग प्रबंधही पुरा झाला, आणि त्यात तिनं सासूबाईंचे आभार मानले होते. आईनं ती ओळ दादाकडून दोनदा वाचून घेतली.

पुढं वहिनीला औरंगाबादला कॉलेजात जागा मिळाली. दादानं इथली नोकरी सोडली आणि तिच्यामागं गेला. लोक बोलले, तो हसला. तिचं काम बाहेर वाचलं गेलं. एकाच ऋतूतल्या मोजणीवर विसंबायचं नाही, असं दूरदूरचे अभ्यासक तिच्या कामाचा हवाला देऊन म्हणू लागले. तिच्या हाताखालून निघालेली मुलं-मुली डासांवर, धान्यातल्या किड्यांवर तोच प्रश्न घेऊन बसली.

आमच्या भागाला मात्र तिचं काम कळलं ते पुष्कळ वर्षांनी, बोंडअळी औषधाला दाद देईनाशी झाली तेव्हा. वहिनी सुटीत आली होती. आमच्या शेजारच्या शेतकऱ्यानं तिला वावरात नेलं आणि विचारलं, "बाई, औषध पातळ झालं काय?"

"औषध तेच आहे. ज्या अळ्या त्यातून वाचल्या, त्यांचीच पिल्लं आता तुमच्या कपाशीवर आहेत. तेच औषध पुन्हा पुन्हा मारलं की तुम्हीच त्यांची निवड करता."

तिनं एक बोंड उकललं आणि आतल्या अळीकडं बघून नकळत म्हणाली, "काय चिवट आहे हो ही!"

तो तिच्याकडं बघतच राहिला. "तुमी कोनाच्या बाजूनं हाय बाई?"

"तुमच्याच," वहिनी हसून म्हणाली. "पण हिला कमी लेखू नका."

त्या हंगामात त्यानं औषध बदललं, गरज नसेल तेव्हा फवारणं सोडलं. कापूस बरा आला. आजूबाजूच्या काहींनी त्याचं बघून तसं केलं, काहींनी केलं नाही. वहिनी दर दिवाळीला आली की आधी त्याच्या वावरात जायची, आणि चहा गार होईपर्यंत दोघं बांधावर बसून बोंडं उकलत राहायचे.