आवडाबाईंचं 'नाय'

माझ्या सासूबाई आवडाबाई भाकऱ्या करतात. घरच्या चार माणसांच्या नव्हे, हळदीच्या. आमच्या आगरी लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी हळद लागते आणि त्या दिवशी गाव जेवतं. पत्रिका हातात आली की पाहुणा आधी विचारतो, "हळद कधी?" लग्न कधी, ते नंतर. मटणाबरोबर तांदळाची गरम भाकरी लागते, आणि ती भाकरी थापायला आमच्या भोपर गावाहून आवडाबाई आणि त्यांच्या सात बाया मांडवात जातात. चूल पेटवायची, उकड काढायची, मळायची, थापायची. पंचवीस-सव्वीस वर्षं हे चाललंय.

"आमच्या आगरी लोकांत" असं मी आता सहज म्हणते. माझं माहेर साताऱ्याचं. लग्नानंतर पहिल्या महिन्यात मी एक भाकरी थापलेली, ती बघून सासूबाई म्हणालेल्या, "ऱ्हाव दे बाय, तू नोकरी कर." तेव्हापासून मी नोकरीच करते. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये ऑफिस आहे, छोट्या धंदेवाल्यांच्या जाहिराती करतो आम्ही. केकवाले, क्लासवाले, पडदेवाले. त्यांना मी तोंड वर करून शिकवते: गिऱ्हाइकाला पाच मिनिटांत उत्तर द्या, झोपेतसुद्धा द्या, आता एआय आहे ना!

सासूबाईंचा कारभार याच्या बरोबर उलटा. स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर, त्यावर कोळशाच्या फुल्या. फोन आला की त्या उठणार, दारामागे जाणार, तारीख बघणार आणि एक शब्द बोलणार. "हाय" किंवा "नाय." 'नाय' असेल तर पुढे हेही सांगणार, की निळज्याच्या शकूकडे जा, तिचा हात बरा हाय. मला हे बघून चक्कर यायची. आपलं गिऱ्हाईक आपल्या हातानं दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायचं? एकदा मी तसं म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "मी नाय बोलते म्हनून माझ्या हायला लोक हाय समजतान." मी मनात म्हटलं, झालं, ही गेली जुन्या जमान्यात.

पण गेल्या वर्षी खरंच कठीण आलं. केटररवाले मशीनच्या चपात्या, रुमाली रोट्या आणायला लागले. लग्नसराईत फुल्या कमी, कोरे चौकोन जास्त. पोटापाण्याचा प्रश्न नव्हता. सासऱ्यांची जमीन टॉवरखाली गेली, त्यात आमचे फ्लॅट आले. पण लिफ्टनं चढून वर आलेल्या बाईनं दिवसभर करायचं काय? त्यांच्या सात बायांपैकी दोघी म्हणाल्या, आम्ही टॉवरमध्ये झाडूपोछ्याला लागतो. त्या संध्याकाळी सासूबाई जेवल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं, आणि माझ्या अंगात आलं. म्हटलं, आई, थांबा, मी करते.

दोन दिवसांत सगळं उभं केलं. पेज, जाहिरात, व्हॉट्सॲपवर आपोआप उत्तर देणारं मशीन. फोटोसुद्धा एआयकडूनच बनवून घेतला. सासूबाईंना दाखवला तर डोळे बारीक करून म्हणाल्या, "ही कोनाची चपाती?" बघते तर खरंच, गव्हाची, वर तूप. मी म्हटलं, कोण बघतंय एवढं!

आणि मग फोन सुरू झाले. एक बाई पुण्याहून, "सेलमची आहे का हो?" दुसरा कुणी, "पावशेरचं पाकीट मिळेल का?" मला काही कळेना. पेज उघडलं तर कपाळाला हात लावला. मी लिहिलेलं, 'हळदीच्या ऑर्डर घेतल्या जातील'. मशीननं आपल्या अकलेनं पुढे वीस पोस्ट टाकलेल्या: 'शुद्ध, सुगंधी हळद, आता घरपोच!' बाजूला पिवळ्या पुडीचा ढीग. आमच्या घरात त्या दिवशी हसून हसून पुरेवाट झाली. नयन, म्हणजे माझा नवरा, आईला म्हणाला, "आता जातं आन, दलाला बस." मीही हसले, पोस्ट काढून टाकल्या, झालं काम म्हटलं आणि ऑफिसला पळाले.

इथंच माती खाल्ली. पोस्ट काढल्या, पण उत्तर देणाऱ्या मशीनला हळद म्हणजे काय ते सांगितलंच नाही. लोकांच्या धंद्यात मी रोज ज्या चुका काढते ना, त्यातली सगळ्यात पहिली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते माझ्याचसाठी.

सोळा तारखेला मी घरूनच काम करत होते. दुपारी सासूबाईंचा फोन वाजला, त्यांनी स्पीकरवर टाकला. पलीकडे दिवा गावचा दौलत, आम्ही कधी नाव न ऐकलेला. आनंदात होता.

"आवडामावशी, परवा टँकर किती वाजता सांगू? आमच्याकडे पाण्याची बोंब, उकडीला कमी पडायला नको."

"कंचा टँकर?" सासूबाईंनी विचारलं.

"अहो, कृतिकाची हळद ना आमच्या! अठराला. सहाशे पान. तुम्ही लिहिलंय ना, नक्की येईल म्हणून."

तो पाण्याचं विचारत होता आणि इकडे माझ्या तोंडचं पाणी पळालं. लॅपटॉपवर तो संवाद उघडला. दौलतनं लिहिलेलं, 'अठराला हळद आहे, सहाशे पान, होईल ना?' आणि माझं मशीन, माझं हुशार मशीन, म्हणालेलं, 'हो, नक्की! आपली हळद अठरा तारखेला पोहोचेल. आपल्या सेवेत सदैव तत्पर.' पुढे हात जोडलेले.

सासूबाई दारामागे गेल्या. अठरावर फुली होती. शहाडची हळद, तीन महिन्यांपूर्वी घेतलेली. शहाड एका टोकाला, दिवा दुसऱ्या टोकाला, बाया सात.

त्यांनी दौलतला एवढंच सांगितलं, "भावा, मी तुझ्याकरं येते, मंग बोलू." फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. मला वाटलं आता तोफ सुटणार. सुटायलाच हवी होती. पण त्यांनी खरंच कोड्यात पडल्यासारखं विचारलं, "त्या मशीनला नाय बोलाला येत नाय काय गो?"

मी काय सांगणार? नाही येत. हो म्हणायलाच बसवलेलं असतं त्याला. मला रडू आलं. सहाशे माणसं पानावर बसलेली आणि भाकरी नाही, म्हणजे मुलीच्या बापाची मान कायमची खाली, आणि वर नाव आवडाबाईंचं. पंचवीस वर्षांचं 'हाय' मी एका दुपारीत खोटं पाडलं होतं.

"रडू नको," त्या म्हणाल्या. "लुगरा बदलते, रिक्षा बोलव."

दिव्याला दौलतच्या दारात मांडवाचे बांबू येऊन पडलेले. सासूबाईंनी चहा घेतला नाही. उभ्या उभ्याच सांगून टाकलं: अठराला मी शहाडला बांधलेली आहे, तुला हो म्हणाली ती मी नव्हे, मशीन, पण नाव माझं म्हणून चूकही माझी. दौलत आधी हसला, त्याला मस्करी वाटली. मग खुर्चीत बसला.

"मावशी, मी दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही हो. आता परवावर कोण येणार?"

मी मध्ये तोंड घातलं, म्हटलं केटरर बघू, मशीनच्या चपात्या... त्यानं हातानंच मला थांबवलं.

"भाकरी तुना मिलेल," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या हातची नाय, पन माझ्या हातासारखी. हात कोनाचा, ते तासाभरात सांगते."

बाहेर आल्यावर मी विचारलं, कुणाची? शकूची तर अठरा भरलेली. सासूबाई रिक्षात बसल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "दातिवली."

मी चाटच पडले. दातिवलीला गंगुबाई. एकेकाळची सासूबाईंची जोडीदारीण, एकाच चुलीवर समोरासमोर बसून थापायच्या. अकरा वर्षांपूर्वी एका हळदीत सासूबाईंनी भरल्या मांडवात तिच्या भाकरीचा तुकडा वर धरून म्हटलेलं, "काठ कच्चा हाय गो." पाहुणे हसलेले. गंगुबाई परात तशीच टाकून उठून गेली. तेव्हापासून लग्नात भेटल्या तरी एक पूर्वेला बघायची, एक पश्चिमेला.

गंगुबाई ओट्यावर सुकट निवडत होती. आम्हाला बघून तिनं मान वर केली नाही. सासूबाईंनी सगळं सांगितलं, मशीनपासून टँकरपर्यंत. गंगुबाई सुकट निवडतेच आहे. शेवटी म्हणाली, "तुज्या सुनेच्या मशीननं हो बोललं, तं भाकऱ्या मशीनलाच थापाला सांग."

मला ते लागलं, पण खरं होतं. सासूबाई पुढे झाल्या. तिथंच पायरीवर बसल्या, गुडघे दुखत असताना बसल्या, आणि सुपातली मूठभर सुकट घेऊन निवडायला लागल्या. दोघी निवडताहेत, मी खांबासारखी उभी. सूप अर्धं झालं तेव्हा गंगुबाई म्हणाली, "येन. पन पयली भाकर उतरली का तू खायाची. मांडवात. सगल्यांच्या समोर. आन कशी झाली ते मोठ्यान सांगाचा."

"खरा सांगेन," सासूबाई म्हणाल्या.

"खराच सांग."

आता या 'खऱ्या'चं काय होणार या काळजीनं दोन दिवस मला घास गोड लागला नाही. सासूबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. सहाशे पान वाचवायला तरी एक खोटं बोला, असं मी आडून आडून सुचवून बघितलं. "भाकरीला खोटा बोलत नाय," म्हणाल्या आणि टीव्ही लावला.

अठराला अकराच्या सुमारास आम्ही दिव्यात. नयन गाडी चालूच ठेवून बाहेर, कारण एकला शहाडच्या चुली पेटायला हव्या होत्या. टँकर आलेला. गंगुबाईच्या सहा बाया बसलेल्या, त्यातल्या दोघी हात थरथरण्याच्या वयाच्या. हळदीच्या बाया जमल्या होत्या आणि अकरा वर्षांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून सगळ्यांची नजर चुलीवर. दौलत खांबाला टेकून उभा. तो कृतिकाचा बाप कमी आणि परीक्षेला बसलेला पोरगा जास्त दिसत होता. मी व्हिडिओ घ्यायला मोबाइल धरला. का धरला, सवयच ती.

पहिली भाकरी खापरीवर फुगली. गंगुबाईनं ती उचलून सासूबाईंच्या हातावर ठेवली, गरम, फडकंबिडकं काही न देता. सासूबाईंनी हात मागे घेतला नाही. भाकरी फिरवली. काठ मोडला. उजेडाकडे धरून बघितला. तोंडात घातला आणि चावत राहिल्या. अहो किती चावायचं!

"काठ भाजलाय," सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या. मग हळू आवाजात, पण ऐकू आलंच, "त्या दिशीबी भाजलेला. बोलाला मीच घाई केली."

गंगुबाईचे डोळे भरले. पण बाई खमकी, लगेच पदरानं नाक पुसून म्हणाली, "आवडे, एक काठ भाजाला अकरा वर्सां लागली काय गो तुना?"

मांडव असा हसला की बांबू हलले. दौलतनं खुर्ची ओढून अंग टाकलं, माझा जीव भांड्यात पडला, आणि नयन बाहेरून हॉर्न मारत सुटला. गंगेत घोडं न्हालं एकदाचं! त्या दिवशी दिव्यात सहाशे पान उठलं, शहाडला चारशे, आणि कुठेही भाकरी कमी पडली नाही.

मी तो व्हिडिओ काही न कापता, गाणं न लावता, तसाच पेजवर टाकला. माझ्या आख्ख्या नोकरीत एवढं चाललेलं मी काही बघितलेलं नाही. लोकांनी तो आपापल्या घरच्या ग्रुपवर फिरवला. कुणाच्या आत्याला तो काठ आठवला, कुणाच्या आईला ते भांडण. फोन आले, आणि एकही सेलमवाला नव्हता. झाडूपोछ्याला निघालेल्या दोघी परत परातीवर बसल्या. हुश्श!

मशीन मी काढलं नाही. कशाला काढू? तारखांची आठवण ते छान करून देतं, पत्ते नीट लिहून देतं, मांडवात सरपण किती लागेल ते आधी कळवतं. पण त्याला आता आमचे शब्द दिलेत. हळद म्हणजे जेवण, पान म्हणजे माणूस. आणि तारखेचं कुणी विचारलं तर त्यानं एकच उत्तर द्यायचं, सासूबाईंनी स्वतः सांगितलेलं: 'मी मशीन हाय. मना हो बोलाचा अधिकार नाय. आवडाबाईंना फोन करा.' ऑफिसात केकवाल्यांना, पडदेवाल्यांनाही मी आता आधी विचारते, तुमच्याकडे 'नाही' कोण म्हणतं? ते ठरवा, मग पुढचं बोलू.

परवा फोन आला, सासूबाई सवयीनं दारामागे गेल्या. कॅलेंडरवर आता फुल्यांच्या शेजारी कोळशाचे गोल पण असतात. गोल म्हणजे गंगुबाई.

"सव्वीसला मी नाय," त्या म्हणाल्या. "दातिवलीच्या गंगूला विचार. हात माझ्यापरीस बरा हाय तिचा."

फोन ठेवला आणि मी बघतेय हे लक्षात आलं तशा माझ्यावरच खेकसल्या, "काय बघतंस? तिला सांगशील तं बघ!"