उलंगवाडीचा सिगार

नांदुरा तालुक्यात क्युबाचा सिगार ओढणारी माणसं माझ्या माहितीत चारच, आणि त्यातला एक मी. हे मी फुशारकीनेच सांगतो आहे. वडनेर भोलजीला माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं विकून विकून कपड्यांना जो वास लागतो, तो गेली कित्येक वर्षं माझ्या अंगाला आहे. त्या वासावर उतारा म्हणून तुम्ही हे खूळ धरलंत, असं बायको म्हणते आणि ते ती कौतुकाने म्हणत नाही.

उरलेले तिघे सांगतो. एक डॉक्टर. त्यांचं घर नांदुऱ्याला, दवाखाना जळगाव जामोदला, आणि मेहुणा परदेशात. सिगारच्या पेट्या येतात त्या या मेहुण्याच्या कृपेने. दुसरे शेठ, कापसाचे व्यापारी. त्यांच्या घरात आजोबांपासून हाच धंदा. शेठ पाच वेळचे नमाजी, दारूला शिवत नाहीत. आम्ही व्हिस्की घेतो तेव्हा ते लिंबू पिळलेला काळा चहा घेतात आणि सिगार मात्र आम्हा सगळ्यांपेक्षा सावकाश ओढतात. तिसरा माझा शाळेपासूनचा मित्र. काळी कसदार जमीन, विहिरीला पाणी, खाऊनपिऊन सुखी माणूस. त्याला सगळे भाऊ म्हणतात. मी काहीच म्हणत नाही, मी नुसता "अबे" म्हणतो.

आमची बैठक वर्षातून एकदा, भाऊच्या शेतात. कपाशीची शेवटची वेचणी आटोपली आणि उभ्या पऱ्हाट्यांत गुरं सोडली, की आमच्याकडे उलंगवाडी झाली म्हणतात. हंगाम संपला, माणसं मोकळी झाली. त्यानंतरचा पहिला रविवार आमचा. दुपारी चारच्या सुमाराला विहिरीजवळच्या आंब्याखाली दोन खाटा टाकायच्या आणि दिवस मावळायच्या आत उठायचं, कारण शेठना मगरीबची नमाज असते आणि मला घरी उत्तरं द्यायची असतात.

पहिल्या पेटीची आम्ही वाट लावली, ती गोष्ट सांगायलाच हवी. डॉक्टरांनी पेटी आणली आणि म्हणाले, "हे नीट ठेवा, मुरू द्या. जितका जुना होईल तितका चांगला." नीट म्हणजे कसं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. आता आम्ही तिघे कोण? एक कापूस पिकवणारा, एक कापूस घेणारा आणि एक बियाणं विकणारा. ओल म्हणजे आमचा जन्माचा वैरी. कापूस ओला असला की शेठ भाव पाडणार, बियाणं ओलं झालं की ते उगवणार नाही आणि गिऱ्हाईक माझी गचांडी धरणार. तेव्हा आम्ही अक्कल लढवली. पेटी आधी दोन दिवस उन्हात ठेवली. मग ज्वारीच्या कोठीत घालतात तसा कडुनिंबाचा पाला घालून, वर राखेचा थर देऊन, भाऊच्या घरी कोठीत ठेवली. वर्षभर कुणी हात लावला नाही.

उलंगवाडीला बाहेर काढली तर सिगार हातात कुरकुर वाजत होते. पेटवले तर असे कडू, की डोळ्यांत पाणी आलं. पण कबूल कोण करणार? डॉक्टर म्हणाले, "उच्च दर्जाचा आहे." मी म्हणालो, "जिभेला सवय पाहिजे." भाऊ म्हणाला, "मले तं जमलं बा." फक्त शेठ गप्प होते. अर्धा ओढून झाल्यावर ते म्हणाले, "भाई, क्युबात लिमाचे झाडं हायेत का?" आमच्याकडे कडुनिंबाला लीम म्हणतात. तेव्हा कुठे आम्हाला कळलं, की आम्ही तासभर निंबाचा धूर ओढून राहिलो होतो.

डॉक्टरांनी मेहुण्याला फोन केला. मेहुणा बराच वेळ हसला म्हणे, आणि मग त्याने सांगितलं, की सिगारला ओल लागते, बारा महिने, ना कमी ना जास्त. दुसरी पेटी आली तेव्हा शेठनी सूत्रं हाती घेतली. पन्नास वर्षं कापसाच्या ढिगात हात खुपसून ओल सांगणारा माणूस. मीटरने मोजायच्या आधी त्यांचा पंजा सांगतो. भाऊच्या माजघरातल्या, मातीच्या भिंतीलगतच्या लोखंडी पेटीत त्यांनी सिगारची पेटी ठेवली. शेजारी मडक्याची एक खापरी, पाण्यात बुडवून निथळलेली. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा आणि उन्हाळ्यात दिवसाआड ती खापरी पुन्हा भिजवायची. ते काम भाऊचं. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात आमच्याकडे माणसाची साल निघते, पण त्या पेटीतल्या सिगारला कधी भेग पडली नाही. शेठ येता-जाता एखादा सिगार कानाजवळ धरून दोन बोटांनी हलकेच दाबायचे. आवाज आला नाही की मान हलवायचे.

अशी पाच वर्षं मुरलेल्या सिगारचं सुख मला नेमकं सांगता येणार नाही, पण प्रयत्न करतो. संत्र्याची कलमं बांधायचा चाकू माझ्याकडे असतो, त्याने टोक उडवायचं. काडी पेटली की आधी तिचा गंधक जळू द्यायचा, मग सिगार ज्योतीच्या जरा वर धरून फिरवायचा. ओढायची घाई नाही. पहिले चार झुरके नुसते कोमट लागतात. मग हळूहळू भाजलेल्या चिंचोक्यांचा वास येतो, मग गुऱ्हाळावरच्या काकवीचा. धूर गिळायचा नसतो, तोंडात घोळवून सोडायचा असतो. त्यावर व्हिस्कीचा एक घोट, बर्फाशिवाय, विहिरीच्या पाण्याचे चार थेंब घालून. घशात ऊब उतरते आणि पुढचा झुरका आधीच्यापेक्षा गोड लागतो. राख झटकायची नाही, आपसूक पडू द्यायची. कुणाची राख जास्त लांब टिकते यावर आमची पैज असायची आणि ती दरवर्षी शेठ जिंकायचे, कारण ते बोलताना हातवारे करत नाहीत. समोर उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. त्या दोन तासांत मी देवाकडेसुद्धा काही मागितलं नसतं.

मग बोंडअळीचं वर्ष आलं.

त्याआधी एक सांगतो. बीटी कपाशीच्या, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच असलेल्या कपाशीच्या, प्रत्येक पाकिटात एक लहान पुडी यायची. तिच्यात साधं बियाणं. ते शेताच्या कडेने पेरायचं, म्हणजे अळीला खायला साधी झाडं मिळतात आणि बीटीची तिला सवय होत नाही. कागदावर हे सगळं ठीक होतं. पण कडेची चांगली तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, साध्या बियाण्यात कोण घालवणार? लोक माझ्या काउंटरवरच पाकीट फाडायचे आणि ती पुडी खालच्या खोक्यात टाकायचे. संध्याकाळी मी खोकं उकिरड्यावर रिकामं करायचो. नुसतं तेवढंच नाही. कुणी विचारलं तर मीच सांगायचो, "राहू दे ना बे, काही होत नाही." भाऊनेही पहिल्या वर्षी विचारलं होतं. त्यालाही मी तेच सांगितलं. आम्ही पंधरा वर्षं पुड्या फेकल्या, आणि पंधरा वर्षांनी अळीला सवय झाली.

दिवाळीनंतरची गोष्ट. दुकानात गर्दी, लोक तावातावाने बोलत होते. मी कंपनीकडे बोट दाखवत होतो, हवामानाकडे दाखवत होतो, जमेल तिकडे दाखवत होतो. तेवढ्यात भाऊ आला. त्याच्या मुठीत चार हिरवी बोंडं होती. एक बोंड त्याने काउंटरवर ठेवून अंगठ्याने फोडलं. आत गुलाबी अळी, कापूस किडून पिवळा पडलेला. तो एक शब्द बोलला नाही. उरलेली बोंडं तिथेच ठेवून निघून गेला. इतरांच्या शिव्या मी पचवल्या, त्या धंद्यात येतातच. पण त्याचं ते न बोलणं माझ्या छातीत रुतून बसलं.

पुढे दोन महिने त्याचा फोन नाही. मी केला नाही, कारण केला तर काय बोलणार? तो दुकानावरून मोटारसायकलने जायचा आणि मी खाली मान घालून पावतीपुस्तक चाळायचो. त्याने उभी कपाशी उपटून हरभरा पेरल्याचं मला दुसऱ्यांकडून कळलं. शाळेतल्या बाकापासूनचा माझा एकच मित्र, आणि तो मी एका पुडीपायी घालवला, असं मी रोज मनाशी म्हणायचो. बायकोलासुद्धा मी हे सांगितलं नाही. शेतकऱ्यांची नुकसानी झाली तेव्हा मला वाईट वाटलं होतं, पण झोप उडाली ती भाऊ गेल्यावर. माणूस किती आपमतलबी असतो, हे मला तेव्हा स्वतःवरूनच कळलं.

जानेवारीत शेठचा फोन आला. "भाऊचा निरोप हाय. यंदा उलंगवाडी लवकर झाली, तं इतवारी दुपारी या म्हणे. डॉक्टरले बी फोन होता."

"मला नाही निरोप," मी म्हणालो.

शेठ म्हणाले, "तू चाल माह्यासंगं. हाकललं तं दोघं बी वापस येऊ."

मी गेलो. वाटेत दोनदा गाडी थांबवायला सांगावी असं वाटलं. शेतात पऱ्हाटी नव्हती, त्या जागी हिरवागार हरभरा घाट्यावर आला होता. आंब्याखाली खाटा टाकलेल्या. डॉक्टर आधीच येऊन बसले होते आणि उगाच मोठमोठ्याने बोलत होते. भाऊने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बस." एवढंच. मग घरून आणलेली सिगारची पेटी पुढे केली. शेठनी एक उचलून कानाशी नेला, दाबला आणि हसले. "बराबर हाय. एक दिवस बी खापरी सुकली नाई." त्या दोन महिन्यांतही तो पाणी घालत राहिला होता. ते ऐकून मी चाकू काढण्याच्या निमित्ताने खिशात हात घालून बसलो.

चार सिगार पेटले. पहिला घोट झाला. मग मला राहवलं नाही.

"ती पुडी," मी म्हणालो. "पेरू नको असं मीच सांगितलं होतं तुला. दरवर्षी, सगळ्यांनाच सांगितलं. चुकलं माझं."

डॉक्टरांनी ग्लास खाली ठेवला. भाऊ सिगारच्या टोकाकडे पाहत होता.

"मले वाचता येते ना बे," तो म्हणाला. "पुडीवर मराठीतच लिवलं होतं. पंधरा साल मी बी वाचलं अन् फेकलं. त्या तासांत दोन बोऱ्या कापूस जास्त होत होता, मले तो पाह्यजे होता. तू नसतं सांगतलं तरी पेरली नसती."

"मग दुकानात बोंडं आणून टाकलीस ती?"

"तवा मले तुह्यावर राग काढाचा होता. घरी आलो तं समजलं, राग माह्यावरच हाय. मंग तुले तोंड कसं दाखवू? तू येशीन, माफी मागशीन, अन् मले हे सारं बोला लागीन. म्हणून फोन नाई केला."

"आणि आजचा निरोप?"

"तुले काऊन निरोप पाठवा लागते? पाव्हणा हायेस का?"

शेठनी चहाचा कप उचलून तोंडासमोर धरला. ते रडत होते की हसत होते, मला दिसलं नाही. मला मात्र हसूच आलं, आणि हसता हसता माझी राख पँटवर सांडली. त्या दिवशीचा सिगार कसा लागला, म्हणून विचाराल तर आजवरचा सगळ्यात गोड. तो आणखी एक वर्ष मुरला होता म्हणून, असं डॉक्टर सांगतात. सांगू देत.

ऊन उतरायला लागलं. शेठ वजूला, नमाजीआधीचे हातपाय धुवायला, विहिरीवर गेले. डॉक्टरांचा डोळा लागला. आम्ही दोघंच हरभऱ्याकडे पाहत बसलो होतो, सिगार बोटांना चटका बसेल इतके उरले होते. तेव्हा भाऊने नेहमीच्या आवाजात विचारलं, जसा तो दरवर्षी मे महिन्यात माझ्या काउंटरला टेकून विचारायचा.

"मंग? जूनमध्ये काय पेरू म्हणतोस?"

माझ्याकडे या प्रश्नाचं उत्तर कायम तयार असायचं. पाकिटांची नावं जिभेवर असायची, कुठल्या जमिनीला कुठलं ते पाठ असायचं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तो माझ्याकडे वळला. काउंटरच्या मागे उभं राहायला लागल्यापासून मी हे कुणालाच म्हणालो नव्हतो, आणि त्यालाही ते माहीत होतं. मग त्याने बाटलीतली उरलेली व्हिस्की दोन्ही ग्लासांत सारखी ओतली आणि म्हणाला, "आता तुह्यावर इसवास बसला."