जप्त केलेल्या प्रेमकथा

सबंध लातूर शहरात प्रेम या विषयाची माझ्या मोठ्या नणंदेइतकी जाणकार बाई दुसरी नसेल. आणि हे सगळं ज्ञान अक्कांनी साठीनंतर, पोटाखाली उशी घेऊन पालथं पडून, इंग्रजीतून मिळवलं आहे. त्यांचं स्वतःचं लग्न एका कप चहात ठरलं होतं. बशी खाली ठेवेपर्यंत तिथी निघाली. त्यामुळे एखादा राजपुत्र आणि त्याच्या जिवावर उठलेली मुलगी यांना एकमेकांच्या मनातलं कळायला पाचशे पानं लागतात, याचं त्यांना भारी कौतुक.

सुरुवात जप्तीपासून झाली. अक्का गणिताच्या शिक्षिका. रिटायर झाल्यावर त्यांनी घराचा वरचा मजला डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या मुलींना राहायला दिला. लातुरात असे मजले गल्लोगल्ली आहेत. मुलींच्या आयांना अक्कांनी शब्द दिलेला, परीक्षेपर्यंत अभ्यासाखेरीज दुसरं पुस्तक पोरींच्या हातात दिसणार नाही. एकदा उमरीच्या एका मुलीच्या गादीखाली जाडजूड कादंबरी सापडली. वर शिंगं असलेला आणि सदरा नसलेला एक तरुण, शेजारी तलवार घेतलेली मुलगी. 'आत काय विष हाय ते बघावं तरी,' म्हणून अक्का तपासायला बसल्या. तिसऱ्या दिवशी जिना चढून वर गेल्या, त्या मुलीला दाराआड घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "दुसरा भाग कुठं लपवलीस गं?"

तेव्हापासून जप्ती जोरात. परीक्षा झाली की पुस्तक मालकिणीला परत मिळतं, पण समासात पेन्सिलीने अक्कांचे शेरे असतात. 'हा मुलगा खोटं बोलतोय, लक्ष ठेवा.' 'मधल्या पायऱ्या गाळल्या आहेत. प्रेम एकदम कसं झालं?' एका ठिकाणी नायकाने लढाईच्या ऐन गर्दीत लग्नाचं विचारलं होतं, तिथे लिहिलं होतं, 'उत्तर बरोबर, रीत चूक.' हे शेरे मिळावेत म्हणून पोरी आता मुद्दाम पुस्तक गादीबाहेर डोकावेल असं ठेवतात.

मुखपृष्ठावरची उघडी छाती भाजीवालीला दिसू नये म्हणून अक्का प्रत्येक पुस्तकाला कापडी कव्हर घालतात. कापड माझ्याकडून. नांदेडला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, खणाचे उरलेले तुकडे अक्कांकडे जातात. मला स्वतःला हे वाचन काही पटत नसे. एकदा म्हणालेही, "अक्का, या वयात हे काय वाचून राहिलात?"

"मग कधी वाचू? त्या वयात भाकऱ्या होत्या."

बरं, वाचून गप्प बसतील तर अक्का कसल्या! माझ्या पुतणीला बघायला मुदखेडची मंडळी आली होती. मुलगा-मुलगी गच्चीवर दहा मिनिटं बोलून हसत खाली आली. सगळे खूश. अक्कांनी मात्र पोह्यांची बशी बाजूला सारली. "इतक्या लवकर पटलं? काहीतरी गडबड हाय. एकदा भांडू तर द्या!" मुलाच्या वडिलांना ठसका लागला. लग्नाच्या दिवशी हार घालण्याआधी फोटोग्राफरवरून नवरानवरीची कडाक्याची जुंपली, तेव्हा कुठे अक्कांचा जीव भांड्यात पडला.

यंदा अक्कांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. डावा डोळा लहानपणापासून अधू, तेव्हा सगळं वाचन त्या एका उजव्यावर. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून घ्या, नंतर पंधरा दिवस वाचन बंद. अक्कांनी साफ नकार दिला. राजपुत्राचा शेवटचा भाग हातात आहे, तो संपू द्या म्हणाल्या. तो काही संपेना. दोन महिने फोनवर तेच उत्तर. शेवटी मी उठून लातूरला गेले. अक्का पुस्तक नाकाला टेकवून बसल्या होत्या आणि खूण मागच्या भेटीत पाहिली त्याच पानावर होती.

"भीती वाटती का?" मी विचारलं.

"वाटंल न्हाई तर काय? एकच डोळा हाय. तो गेला तर मी दिवसभर करू काय?"

"आत्ता तरी काय करताय? पान उलटत नाही. तारीख घेऊ या."

पुस्तक मिटून अक्कांनी अट घातली, पंधरा दिवस मी वाचून दाखवायचं. मी म्हटलं, वाचते, पण चुंबनं गाळणार.

"गाळायचं न्हाई. हुक न लावता ब्लाऊज देतीस का गिऱ्हाइकाला?"

मी दुकानाला पंधरा दिवस कुलूप घातलं. ऑपरेशन झालं. अक्का काळा चष्मा लावून कॉटवर, मी खुर्चीवर. माझं इंग्रजी बी.ए.पर्यंतचं आणि आवाज मापं सांगताना असतो तसा, एका सुरात. चौथ्या दिवशी मूळची निलंग्याकडची, आता लातुरातच लेकाकडे राहणारी आमची चुलत सासू पेशंटला भेटायला आली. खणात गुंडाळलेलं पुस्तक, एका सुरात चाललेलं वाचन आणि डोळे झाकून ऐकणाऱ्या अक्का बघून म्हातारीने दारातच चपला काढल्या, पुस्तकापुढे नारळ ठेवला आणि हात जोडून बसली.

"कितवा अध्याय?"

"सतरावा," मी म्हटलं. खोटं काहीच नव्हतं.

"मला कळंल असं मराठीत सांग की."

काय करणार? सांगितलं. शापाने शिंगं फुटलेला राजपुत्र आहे, त्याला मारायला आलेली मुलगी सुरा घेऊन त्याच्या तंबूत लपली आहे.

"अगं बाई! मारती का काय?"

"मारणार होती. पण त्यानं आधीच ओळखलं होतं. तो म्हणाला, मार." पुढचं वाचून माझे कान तापले. "मग… मग दोघांनी एकमेकांची विचारपूस केली."

"चार पानं विचारपूस चालली हाय," काळ्या चष्म्याआडून अक्का म्हणाल्या.

म्हातारी मन लावून ऐकत होती. "शापातली माणसं लई एकटी असतात," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती दोन शेजारणींना घेऊन आली आणि टेकायच्या आधी विचारलं, "त्या पोरीनं सुरा टाकला का न्हाई?"

पंधराव्या दिवशी तपासणी झाली. डोळा गेला नव्हता, पण पुरता आलाही नव्हता. डोळ्याचा मागचा पडदाच जुना झालाय, डॉक्टर म्हणाले. रोज अर्धा तास वाचा, त्याहून जास्त नको. घरी येऊन मी पिशवी भरायला घेतली. पुस्तकाची तीस पानं राहिली होती.

"दे इकडं," अक्का म्हणाल्या. ओळीखाली बोट ठेवून मोठ्याने वाचू लागल्या. ओळी वाकड्या दिसतात म्हणाल्या, तरी वाचत राहिल्या. एका रात्रीत दोनशे पानं संपवणाऱ्या बाई, अर्ध्या तासात तीन पानांवर आल्या. मी बस जाऊ दिली.

आता चार वाजता त्यांचा फोन येतो. मी मशीन थांबवते, गिऱ्हाइकाला बसा म्हणते. अक्का एक-दोन पानं वाचतात, मग दमतात. परवा तर एकाच परिच्छेदावर थांबल्या. "आज एवढंच गं." राजपुत्र अजून घाट चढतोय, ती वर उभी आहे. पुस्तक नांदेडात मिळतं, बाजारात जाऊन मला शेवट बघता येईल. मी काही गेलेली नाही.