डॉक्टरकाकूंचा शेवटचा पेशंट

डॉक्टर कुमुद पाथ्रीकर यांच्याकडे चहा अर्धाच कप मिळत असे. मग तुम्ही नळ गळतो म्हणून सांगायला गेलेले भाडेकरू असा, नाहीतर पुण्याहून आलेली त्यांची सख्खी मुलगी. हैदराबादेत नारायणगुड्यातल्या आमच्या गल्लीत या चिक्कूपणाची खमंग चर्चा चाले. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो आणि काही महिन्यांनी मला खरं कारण कळलं. काकूंचे हात थरथरत. भरलेला कप त्यांच्या हातून बशीत सांडायचा. आपण एकटीनेच अर्धा घेतला तर लोक विचारतील, म्हणून सगळ्यांनाच अर्धा.

उभा जन्म त्यांनी लोकांचे दात दुरुस्त केले होते आणि उरलेल्या वेळात यंत्रं: दवाखान्याचा कॉम्प्रेसर, पाण्याच्या मोटारी, शेजाऱ्यांच्या स्कूटरी. हात दगा देऊ लागले तसा त्यांनी तळमजल्यावरचा दवाखाना बंद केला आणि पेशंटच्या खुर्चीवर चादर टाकली. मुलगी म्हणे, घर विक आणि पुण्याला ये. "हौ, येते की. बाल्कनीत बसव मला, मनीप्लांटच्या बाजूला," काकू फोनवर म्हणायच्या. पण हल्ली त्या नाही असंही म्हणत नव्हत्या, आणि मला त्याचीच धास्ती वाटे.

अशात मलकपेठेहून युसूफभाईंचा फोन आला. त्यांचं तिथे गॅरेज होतं आणि तोंडातली निम्मी बत्तिशी काकूंच्या हातची होती. "डॉक्टरनीजी, एक अजूबा आया है. देखने कू आओ, लेने कू नक्को!"

अजूबा म्हणजे एका परदेशी गाडीतून उतरवलेलं रोटरी इंजिन. त्यात खालीवर होणारे पिस्टन नसतात. लांबट पोकळीत एक तिकोनी रोटर फिरतो आणि त्याच्या तिन्ही टोकांवरच्या पातळ पट्ट्या भिंतीला घासत पोकळीचे तीन कप्पे करतात. असे दोन रोटर एकामागे एक. मालकाने तेल न बघता गाडी पिटाळली होती आणि युसूफभाई ते धूड भंगारात काढायला निघाले होते.

काकूंनी स्टूल ओढून घेतलं. मला पाना धरून इंजिन फिरवायला लावलं आणि स्वतः प्लगच्या भोकाला कान लावला. मागचा रोटर ठणठणीत होता, तिन्ही कप्प्यांतली दाबलेली हवा जोरात फुस्स करून बाहेर येई. पुढच्यात मात्र एक जोरदार फुस्स आणि मग दोन नुसतेच सुस्कारे.

"एक पट्टी तुटली," काकू म्हणाल्या. "दोन खोल्यांमधली भिंत पडली की दोन्ही खोल्या गेल्या. बोले तो, दात पडलाय. आता जबडा शाबूत आहे का बघू."

आणि त्यांनी पर्समधून चक्क दात तपासायचा छोटा आरसा काढला! धूर बाहेर पडायच्या भोकातून तो आत घातला, तर हात असा थरथरला की आरसा लोखंडावर टकटक वाजू लागला. युसूफभाईंनी मान फिरवली. मीही.

"बघा रे, बघा. लाजता कायकू?" काकू म्हणाल्या. मग त्यांनी अनामिका इंजिनाच्या कडेवर घट्ट टेकवली आणि टकटक थांबली. "कॉलेजात पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. आधी बोट टेकव, मग काम कर. माझंच मी विसरले होते."

दातातली कीड शोधायची बारीक सळई त्यांनी आतल्या भिंतीवरून फिरवली. बराच वेळ. तिथे खोल चर पडला असता तर इंजिन कायमचं गेलं होतं.

"अडकत नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "घेते."

"काकू, नका घेऊ," मी म्हणालो. "करणार कोण?"

"मी. जमलं तर मी इथंच राहते. नाही जमलं तर पोरीला सांगते, ये बाई, घेऊन जा मला."

इंजिन टेम्पोतून दवाखान्यात आलं. काकूंना ते अख्खं पेशंटच्या खुर्चीवर ठेवायचं होतं, पण युसूफभाईंनी आरडाओरडा करून खुर्ची वाचवली. सुटा रोटर मात्र तिथे विराजमान झाला, वर दवाखान्याचा मोठा दिवा. मी ऑफिसातून आलो की खालून हुकूम येई, "पेशंटची मान धर!" बोट टेकवून काकूंनी दोन्ही रोटरांची एकेक खाच खरवडली, नव्या पट्ट्या बसवल्या, आणि जोडताना त्या निसटू नयेत म्हणून मेणाने चिकटवल्या. कवळीच्या मेणाने.

इंजिन जोडून फिरवलं, तर फुस्स सोडाच, सुस्कारासुद्धा नाही. दोन्ही रोटर मुके. काकूंचा चेहरा उतरला. त्या संध्याकाळी मुलीचा फोन त्यांनी उचलला नाही.

सकाळी मी खाली गेलो तर एकट्याच हसत होत्या. "अरे, मी कवळी बसवली त्याला! मेण घट्ट झालं, पट्ट्या खाचेतच बसल्या. भिंतीला टेकतील कशा?" मदतीला आलेले युसूफभाई कपाळावर हात मारून म्हणाले, "व्हॅसलीन लगाते जी, व्हॅसलीन!" सगळं पुन्हा उघडलं, पुन्हा जोडलं.

मलकपेठेच्या गॅरेजच्या अंगणात, इंजिन लोखंडी घोडीवर बसवून, युसूफभाईंनी किल्ली फिरवली. खोकला, पांढरा धूर, पुन्हा खोकला. आणि एकदम ते घुमू लागलं, एका सुरात, न अडखळता. "उठ गया जी! उठ गया!" युसूफभाई ओरडले. मी आनंदाने उड्या मारत होतो. काकूंनी मुलीला फोन लावला.

"आई, कसला आवाज येतोय?"

"पेशंट बोलतोय माझा. नीट ऐक. आणि माझं तिकीट नक्को काढू."

समोरच्या इराणी हॉटेलातून चहा आला. काकूंनी काठोकाठ भरलेला कप आपल्या हाताने चालत्या इंजिनावर ठेवला. थेंबही सांडला नाही. मग बशीला अनामिका टेकवून तो उचलला आणि तळापर्यंत प्यायल्या.

काकू गेल्या त्याला आता वर्ष होईल. गेल्या त्या नारायणगुड्यातूनच, पुण्याला न जाता. इंजिन घुमलं त्या दिवसानंतर त्यांच्या घरी कुणालाही अर्धा कप चहा मिळाला नाही, मिळाला तो काठोकाठच.