सासूबाईंना उडवायचं कुठून

दुपारची जेवणं उरकत आली होती. सासूबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मला एकदा उडायचंय."

या बेटावर असं वाक्य समजावून सांगावं लागत नाही. वर्षातले आठ महिने टेकड्यांवरून पॅराग्लायडिंगचे रंगीबेरंगी पंख सुटत असतात. प्रत्येक पंखाखाली एक पायलट, आणि त्याच्या पुढ्यात पट्ट्यांनी जखडलेला एक पाहुणा. पाहुण्याला काही यावं लागत नाही, किंचाळता आलं की पुरे. पण हे सगळं बाहेरून येणाऱ्यांसाठी. बेटावरच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने हे मनात आणलेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

सासूबाईंचा मुलगा लाँच चालवतो. कितीही खवळलेल्या समुद्रात तो लाँच बरोब्बर धक्क्याला लावेल, पण आई आणि बायको यांच्या मधल्या पाण्यात तो कधी शिरत नाही. "तुमचं तुम्ही दोघी ठरवा," म्हणून तो हात धुवायला उठला तो थेट धक्क्यावरच गेला. म्हणजे आता ठरवायचं सुनेनं.

सुनेला सगळं बेट शिलाईमामी म्हणतं. घराच्या खालच्या खोलीत तिचं दुकान. दोन मशिनं, त्यातलं एक जाड कापडाचं, खिडकीला लागून लांबलचक टेबल. होड्यांची शिडं, ताडपत्र्या, तंबू, खुर्च्यांची कापडं, जे जे म्हणून घरातल्या सुईला दाद देत नाही ते तिच्याकडे येतं. चौदा वर्षांपासून पायलट लोकांचे पंखही येतात. पंख टेबलावर मावत नाही. तो दारातून गल्लीत जातो, आणि शेजारपाजारचे लोक तोंडाने कुरकुर करत आणि पायाने मात्र जपून त्याला वळसा घालून जातात.

शिलाईमामी कधीच विचारत नाही की हे फाटलं कसं. विचारावं लागतच नाही. पायलट स्टुलावर बसतो, चहा घेतो आणि साग्रसंगीत सांगतो. एकाचा पंख निवडुंगात गेला, एकाचा खडकावरून घासत गेला, एकाचा तर थेट शाळेच्या छपरावर उतरला आणि मुलांना अर्धा दिवस सुट्टी मिळाली. चौदा वर्षं हे ऐकत, कापड उजेडात धरून नख फिरवत तिने टाके घातले. त्यामुळे तिच्या लेखी बेटावरचा प्रत्येक पायलट म्हणजे एक लांबलचक फाटकी यादी होती. न फाटलेले पंख सहसा दुकानात येत नाहीत, ही साधी गोष्ट तिच्या डोक्यात कधी आलीच नव्हती.

"आई, तुम्हाला वेगळं काही करायचं असेल तर सांगा ना," ती म्हणाली. "आपण लाँचने चक्कर मारून येऊ."

"लाँचमधून काय दिसतं? कड दिसते. बावन्न वर्षं या बेटाच्या कडाच बघतेय मी. मला ते वरून सबंध बघायचंय."

आणि मग सासूबाईंनी खरं कारण सांगितलं. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या डॉक्टरांनी मागच्या वेळी डोळ्यांत थेंब टाकून बराच वेळ आत बघितलं होतं आणि सांगितलं होतं की पडदा झिजतोय. औषधाने वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. जे बघायचं असेल ते बघून घ्या, असंही बोलता बोलता म्हणाले होते. सासूबाईंनी ते बोलणं औषधाच्या चिठ्ठीसारखं घडी करून बरोबर आणलं होतं.

शिलाईमामीने "नेते मी तुम्हाला" म्हणून शब्द दिला आणि दुसऱ्या दिवसापासून चालढकल सुरू केली.

चालढकलसुद्धा मोठी पद्धतशीर होती हं. दुकानात जो पायलट येईल त्याला ती दोनच प्रश्न विचारायची, कुठून आणि कधी. उत्तरं मिळाली की त्यातून खोट काढायची. उत्तरेकडच्या पठाराचा पायलट म्हणाला, आमचं पठार म्हणजे गादी, म्हाताऱ्या माणसाला याहून सोपं नाही. तिला आठवलं, याच गादीच्या टोकाला निवडुंग आहेत. दीपगृहाच्या टेकडीवाला म्हणाला, उंची बघायची तर आमच्याकडे, आख्खं बेट पायाखाली. तिला आठवलं, शाळेचं छप्पर याच टेकडीखाली आहे. वेळेचंही तेच. सकाळी हवा शांत असते, पण वर उचलणारा वारा नसतो, सुटलं की चार मिनिटांत खाली.

"चार मिनिटांसाठी मी बूट घालायचे?" सासूबाई म्हणाल्या.

दुपारी जमीन तापते, हवेला खड्डे पडतात आणि पाहुण्यांच्या पोटातलं बाहेर येतं. उरली संध्याकाळच्या आधीची वेळ. तेव्हा समुद्रावरून सरळ वारा येतो, पश्चिमेच्या कड्याला धडकून वर चढतो आणि पंखाला अलगद तोलून धरतो. शिवाय तिथे वारा नीट असला की जिथून सुटतात त्याच गवतावर परत उतरता येतं, म्हणजे सासूबाईंना किनाऱ्यावरून चढण चढून यायला नको. एवढं समजायला शिलाईमामीला दोन महिने लागले. खरं तर पहिल्या आठवड्यातच समजलं होतं, पण समजलं म्हटलं की जावं लागलं असतं.

सासूबाई काही स्वस्थ बसल्या नव्हत्या. त्या रोज खाली दुकानात येऊन बसायच्या आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायच्या, "आमची सून मला उडवणार आहे. अजून कापड पसंत पडत नाहीये तिला." गिऱ्हाईक हसायचं. शिलाईमामी मशीनचा आवाज वाढवायची.

कडा ठरला, वेळ ठरली, घोडं अडलं ते पायलटवर. कड्यावरून चौघे उडतात. त्यातले तिघे तिचे नेहमीचे गिऱ्हाईक, आणि त्यातला एक, ज्याला सगळे धांदल्या म्हणतात, तो तर उठल्यासुटल्या दारात. या एका वर्षात सहा वेळा! तो पंख घेऊन गल्लीत दिसला की सासूबाईसुद्धा म्हणायच्या, "आला बघ तुझा जावई." धांदल्याबरोबर सासूबाईंना पाठवायची कल्पनाही शिलाईमामीला सहन होईना.

चौथे मिशाळकाका. भरघोस मिशा, वीस वर्षांचा अनुभव, बोलणं मोजकं. चौदा वर्षांत त्यांचा पंख एकदाही दुकानात आला नव्हता. एक टाका नाही! शिलाईमामीने असा माणूस पृथ्वीवर असेल असं धरलंच नव्हतं. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी तिने एकदाचं जाहीर केलं, गुरुवारी साडेचार वाजता, पश्चिमेचा कडा, मिशाळकाका. सासूबाईंनी बुधवारीच बूट घालून बघितले आणि रात्री जेवतानासुद्धा काढले नाहीत.

गुरुवारी वारा सांगितल्यासारखा वेळेवर आला, आणि सासूबाईंना उडताना बघायला पन्नासेक माणसंही जमली. कड्यावरच्या गवतावर मिशाळकाकांनी त्यांचा निळा पंख पसरला. "घाबरू नका वहिनी, मी आहे," म्हणत त्यांनी सासूबाईंच्या अंगावर पट्टे चढवले. सासूबाईंच्या चेहऱ्यावर घाबरल्याची खूणही नव्हती. घाबरली होती ती सून. काय करावं हे न सुचून तिने जे रोज करते तेच केलं. खाली वाकली, कापड हातात घेतलं आणि शिवणीवरून नख फिरवायला लागली.

दोऱ्या जिथे पंखाला जोडलेल्या असतात तिथे नख अडकलं. तिने कापड उलटं केलं. वीतभर शिवण, मासे पकडायच्या दोरीने घातलेली, टाके एकाचं तोंड इकडे तर दुसऱ्याचं तिकडे. वरून चिकटपट्टी लावून सारवासारव केलेली.

"हे कुणी शिवलं?"

"मीच की," मिशाळकाका मिशीवर हात फिरवत म्हणाले. "एवढ्या तेवढ्याला कशाला कुणाच्या दारात जायचं? दीड वर्ष झालं, मजेत उडतोय."

"आणि बाकीचे फाटले ते?"

"तेही मीच शिवतो. घरचं काम आहे, बाई."

शिलाईमामी ताडकन उभी राहिली. ती जे बोलली ते कड्यावरच्या सगळ्या माणसांनी ऐकलं. "आईंचे पट्टे सोडा! आत्ताच्या आत्ता सोडा! ही शिवण मी पोत्याला घालणार नाही, आणि तुम्ही माणसं टांगता हिला? हा पंख उद्या सकाळी दुकानात आला नाही तर मी स्वतः कात्री घेऊन येईन तुमच्या घरी." मिशाळकाकांच्या मिशा तेवढ्या जागेवर राहिल्या, बाकी चेहरा उतरला. ते मुकाट्याने पट्टे सोडायला लागले.

दहा पावलांवर धांदल्या आपला पिवळा पंख पसरून उभा होता. शिलाईमामीने त्याच्याकडे बघितलं, मग पंखाकडे. त्यातला टाका न् टाका तिच्या ओळखीचा होता, आणि या वर्षी त्यावर फाटलेलं असं काही शिवल्याचं तिला आठवेना.

"काय रे," तिने विचारलं, "गेल्या आठवड्यात आणला होतास तेव्हा याला झालं काय होतं?"

"काही नाही मामी. एक टाका जरा सैल वाटला."

"आणि त्याच्या आधी?"

"तेव्हाही तसं काहीच नव्हतं. मनाला शंका आली की मला वर गेल्यावर सुधरत नाही. म्हणून आणतो तुमच्याकडे. तुम्ही नख फिरवलं की बरं वाटतं."

शिलाईमामी ओशाळली. तीन महिने ती ज्याच्या नावाने नाक मुरडत होती तो एकटाच धड निघाला होता. जो पुन्हा पुन्हा दाखवायला आणतो त्यालाच तिने फाटका ठरवलं होतं. हे तिला इथे, कड्याच्या टोकावर, पन्नास माणसांसमोर कळावं याचा तिला स्वतःचाच राग आला. "आईंना तू ने," ती म्हणाली.

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "जावयाबरोबर जाते."

चार पावलं पळाल्या न पळाल्या तोच सासूबाईंचे पाय जमिनीवरून सुटले. खालून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पिवळा पंख कड्याच्या कडेने लांबवर गेला, वळला, परत आला, उंच झाला. सासूबाई किंचाळल्या नाहीत. वीस मिनिटं शिलाईमामी मान वर करून उभी होती आणि मान अवघडल्याचं तिला कळलंही नाही. मग धांदल्याने त्यांना गवतावर असं उतरवलं की जणू खुर्चीतून उठवून दुसऱ्या खुर्चीत बसवलं.

"काय काय दिसलं, आजी?" लोकांनी घेरलं.

"सगळं दिसलं!" सासूबाई मोठ्याने म्हणाल्या. "एकदम झकास!"

गर्दी पांगली तशी त्यांनी सुनेचा हात धरला आणि तिला जवळच्या दगडावर आपल्या शेजारी बसवलं. आवाज खाली आणला.

"मधोमध डाग आहे गं. जिकडे बघावं तिकडे तोच पुढे. कडेकडेने निळं दिसलं, थोडं हिरवं दिसलं. बाकी काही नाही."

"कधीपासून, आई?"

"महिना झाला असेल. सांगितलं असतं तर तू मला वर जाऊ दिलं असतंस?"

शिलाईमामीने मनातल्या मनात हिशोब केला. पहिल्या आठवड्यात आणलं असतं तर दिसलं असतं. दुसऱ्या महिन्यातसुद्धा दिसलं असतं. तिने तीन महिने टाके तपासण्यात घालवले आणि सासूबाईंचं बेट हातचं गेलं. तिला रडू आवरेना. "माझं चुकलं, आई," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

"चुकलंच," सासूबाई म्हणाल्या. "पण रडायला घरी पुष्कळ वेळ आहे. वारा आहे तोवर जा."

"कुठे?"

"वर. दुसरं कोण जाणार? माझा मुलगा? तो लाँचच्या टपावर चढायला घाबरतो. जा, नीट बघ आणि मला येऊन सांग. घर कुठल्या कडेला येतं, आपल्या गल्लीनंतर काय आहे, पलीकडच्या अंगाला किती झाडं उरलीत. एकेक सांग. आणि डोळे मिटून बसलीस तर मला कळेल हं, तुझं खोटं मला आवाजात कळतं."

नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत धांदल्याने तिच्या छातीवरचा पट्टा लावला होता. शिलाईमामी चार पावलं पळाली, पाचवं पाऊल कशालाच लागलं नाही, आणि तिने घट्ट डोळे मिटून घेतले. डोक्यावर तिचेच टाके ताणले जात होते. ती मनात आकडे मोजत राहिली, वीसपर्यंत आली, आणि मग सासूबाईंना कळेल या धाकाने तिने डोळे उघडले.

बेट तिला वाटलं होतं त्यापेक्षा फार लहान होतं. एका नजरेत मावत होतं. धक्का दिसला, धक्क्याला लाँच दिसली, मागे दाटीवाटीने घरं, आणि त्यात तिच्या दुकानासमोरची गल्ली बोटाएवढी. पलीकडच्या अंगाला, जिथे ती कधी फिरकलीसुद्धा नव्हती, तिथे एक सबंध रान होतं. खाली कड्यावर दगडावर सासूबाई बसल्या होत्या. त्या मान वर करून जोरजोरात हात हलवत होत्या, भलत्याच कुणाच्या तरी पंखाकडे बघून.

तिनेही हात हलवला. खाली एक अक्षर ऐकू जाणार नव्हतं, तरी तिने घसा मोकळा केला आणि मोठ्याने सांगायला सुरुवात केली. "आई, आपलं घर धक्क्याच्या डाव्या हाताला येतं. पुढे गल्ली आहे. गल्लीनंतर..."