सहावा की आठवा

"सहावा चालू आहे," असं मी हात धुताधुता मोठ्यानं सांगितलं. पडद्यापलीकडे बसलेल्या अनसूयाबाई ताडकन उठल्या. तपासणीच्या टेबलावर त्यांची सून गिरजा होती, पहिलटकरीण.

"सहावा? डॉक्टरसाहेब, माहा लेक पोळा झाला अन् नागपूरच्या गिरणीत गेला. दिवाळीलेबी नाई आला. आता होळी झाली. मंग हे कोनाचं?"

गिरजा रडली नाही. छताकडे पाहत म्हणाली, "आठवा आहे. मले मालूम आहे."

सेलूत दवाखाना टाकून मला बरीच वर्षं झाली होती, आणि स्वतःच्या हातावर नको तितका भरवसा बसला होता. पोट किती वर आलं ते चाचपून आम्ही महिने सांगतो. पण पोट मुलाची वाढ सांगतं, वय नव्हे. मी दोन्ही एकच धरलं. त्या पोरीला आता घर उरणार की नाही, ते माझ्या एका वाक्यावर येऊन ठेपलं.

पुन्हा तपासलं. मुलाचं डोकं हाताला चांगलं टणक लागलं. सहाव्यात तसं लागत नाही.

"पोटात पहिल्यांदा कधी हललं?"

"चंपाषष्ठीले. आत्याबाई भरताची वांगी भाजून राह्यल्या होत्या. त्याइलेच सांगतलं."

अनसूयाबाई थबकल्या. "हो. सांगतलं होतं खरं."

"सहावा असता तर तेव्हा जेमतेम दुसरा असता, बाई. दुसऱ्यात मूल हललेलं कळत नाही. मीच चुकलो."

"मंग पोट काऊन लहान?"

गिरजाच्या लुगड्याला बिडीचा वास येत होता. विचारलं, तर उत्तर सासूनं दिलं.

"मीच देतो. बिडीनं लेकरू लहान राह्यते, बाई सुखानं मोकळी होते. माही पोरगी आडली अन् गेली, साहेब."

अनसूयाबाईंचा आडाखा अर्धा खरा होता, तीच पंचाईत. वार मुलाला आईच्या रक्तातून अन्न पोचवते आणि गर्भ टिकवणारे हार्मोनही बनवते. धुरानं रक्तवाहिन्या आखडतात. वार उपाशी, हार्मोनचं तंत्र बिघडलेलं, आणि मूल नुसतं अंगानं नाही, जिवानंही लहान.

"लहान लेकरू बाहेर येईल, बाई, पण जगायला जड जाईल. बिडी बंद. कळा लागल्या की मला बोलवा. अडलंच तर वर्ध्याला नेऊ."

अनसूयाबाईंनी कनवटीचं बंडल काढून माझ्या टेबलावर ठेवलं. मग गिरजाला हात देऊन उतरवलं. "चाल, माय."

चैत्र सरता सरता मुलगी झाली. अडली नाही, पण मूठभर, रडणं मांजरीच्या पिलासारखं. आजीनं तिला पिंजलेल्या कापसात गुंडाळून छातीशी धरलं आणि जगवलं.

तेव्हापासून मी आधी विचारतो, मग तपासतो, आणि बोलतो सगळ्यांत शेवटी.

घरी हे सांगितलं तर आमच्या मंडळी ताट वाढता वाढता म्हणाल्या, "माझ्या तिन्ही खेपांना तुमचे महिने चुकले. सासूबाईंनी तुमच्या बोलण्यावर कधी विश्वास ठेवला नाही, म्हणून माझं निभावलं."